राखलेल्या गवतातली वाट

मला सगळ्यांत जास्त राग येतो तो त्या माणसाच्या सभ्यपणाचा. तो एकदाही वाकडं बोलला नाही. प्रत्येक वेळी त्यानं आधी माझे आभार मानले, मग मी लिहिलेलं खोडलं, आणि खाली नियमांचं पान जोडून दिलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मलाही देता आल्या असत्या. निपाणीत तंबाखूच्या वखारीच्या भिंतीला लागून मी वाढले. शिव्या मला कुणी वेगळ्या शिकवाव्या लागल्या नाहीत. पण "आपल्या योगदानाबद्दल धन्यवाद" असं म्हणणाऱ्याला काय शिवी देणार?

तर आधी तो डोंगर सांगते. बेळगुंदी ओलांडून पुढे गेलं की डांबर संपतं. तिथून तासभर चाललं की एक काळा कातळ लागतो. तीन मजली घराएवढा उंच, अगदी सरळ, माथ्यावर जांभ्याची टोपी. त्याच्या पायथ्यापासून खाली ओढ्यापर्यंत सगळी गवताची उतरण आहे. आम्ही त्या कातळावर दोर लावून चढतो. आम्ही म्हणजे मी, माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या काही मुली, आणि वडगावचा एक विणकर, ज्याचे घरी यंत्रमाग आहेत आणि जो रविवारी ते बंद ठेवून आमचा दोर धरायला येतो. तो मला आक्का म्हणतो. पहिल्या दिवशीच त्यानं सांगून टाकलं होतं, "आक्का, धागा तुटला तर मी गाठ मारतो. माणूस तुटलं तर माझ्याकडं इलाज न्हाय. तवा नीट चढ."

मी भूगोल शिकवते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आई विड्या वळायची, आणि मी तिच्या शेजारी बसून पानं कापत अभ्यास करायचे. शाळेत एकच मोठा नकाशा होता. त्यावर आमच्या गावाच्या जागी एक पांढरं भोक होतं, कारण वर्षानुवर्षं प्रत्येक पोरानं "सर, आपण इथं" म्हणून तिथंच बोट ठेवलं होतं. भूगोलाच्या सरांनी ते भोक दाखवून सांगितलं की नकाशात आपलं गाव नसलं तर ते आपणच भरायचं असतं. ते सर नसते तर मी आज विड्याच वळत असते. दोर बांधायला शिकले ती बेळगावात कॉलेजात असताना, कॅम्पातल्या एका सुभेदारांकडून. ते एनसीसीच्या मुलींना मुलांइतकंच झापायचे. या दोघांचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते फेडायला मला एक जागा सापडली होती असं मला वाटत होतं.

ती जागा म्हणजे इंटरनेटवरचा एक नकाशा. तो कुठल्या सरकारचा नाही की कंपनीचा नाही. जगभरातले लोक आपल्या गल्लीतली विहीर, आपल्या शिवारातली पायवाट त्यात स्वतः भरतात. कुणीही भरावं, कुणीही दुरुस्त करावं, कुणीही फुकट वापरावं. माझ्यासारखीला हे किती मोठं वाटलं असेल ते ज्यांच्या घरात आधीपासून पुस्तकांची कपाटं होती त्यांना सांगून कळणार नाही. त्या नकाशात कातळावरच्या चढाईच्या वाटाही भरता येतात. आमच्या कातळाचं त्यात नावही नव्हतं. मी भरायला घेतलं.

हे काम सोपं नाही. कातळाच्या अगदी बुडाशी उभं राहिलं की फोनला आकाश अर्धंच दिसतं, आणि नकाशावरचा आपला ठिपका पलीकडच्या शिवारात भटकून येतो. तो शांत होईपर्यंत थांबायचं. मग चढाई जिथून सुरू होते ती जागा टिपायची, उंची लिहायची, दोर किती लागतो, अवघड किती, वर दोर कुठल्या झाडाला बांधायचा, कुठला दगड हलतो. हलणारा दगड मी प्रत्येक वाटेवर लिहिला. वरचा जांभा भुसभुशीत आहे. धरला की हातात येतो. प्रत्येक वाटेला पहिल्यांदा चढणारीनं नाव द्यायचं अशी आमची रीत होती. त्यामुळे नकाशात 'म्हशीची पाठ', 'चप्पल तुटली', 'उद्या पेपर आहे' अशा वाटा आल्या. खालून कातळापर्यंत जाणारी पायवाटही मीच आखली, आम्ही नेहमी जायचो तशी.

उतरण एका आप्पांची आहे. त्यांच्या पाच-सहा म्हशी आहेत आणि ते रोज सकाळी मोटरसायकलला कॅन लावून बेळगावात दूध घालतात. पावसाळ्यात ते उतरणीवरचं गवत राखतात. दिवाळी झाली, गवत पिकून पिवळं पडलं की कापतात आणि गंजी रचतात. त्या गंजीवर म्हशी उन्हाळा काढतात. गवत राखलंय हे सांगायची तिकडची खूण ठरलेली आहे. उतरणीच्या तोंडाशी कमरेएवढी काठी रोवायची आणि तिच्या टोकाला गवताची पेंडी उलटी बांधायची. ती दिसली की गुराखी गुरं वळवतो, सरपण गोळा करणारी बाई वळसा घालून जाते. त्यावर काही लिहिलेलं नसतं. ते वाचायला शाळेत जावं लागत नाही.

आम्ही परवानगी मागायला गेलो तेव्हा आप्पांनी आम्हाला बराच वेळ अंगणात उभं केलं होतं. पोरी दोराला लोंबकळणार ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. शेवटी म्हणाले, "चढा, पडा, काय बी करा. पर गवत कापूस्तवर तिकडं पाऊल न्हाय ठेवायचं. काठी काडली की या." मी शब्द दिला. चार पावसाळे आम्ही तो पाळला. ऐन चढाईच्या दिवसांत, आभाळ मोकळं आणि कातळ कोरडा असताना, आम्ही शाळेच्या मागच्या भिंतीवर बोटं झिजवत बसायचो आणि दिवाळीची वाट पाहायचो.

नकाशात हे लिहायला गेले तेव्हा पहिली अडचण आली. बंद असण्याचे दिवस भरायला तिथं जागा आहे, पण तिला तारखा लागतात. गवताला तारीख नसते. पाऊस लांबला की कापणी लांबते. म्हणून मी वर्णनात सरळ वाक्य लिहिलं: पावसाळ्यापासून गवत कापून होईपर्यंत हा कातळ आणि ही पायवाट बंद आहे, मालकाला विचारल्याशिवाय जाऊ नये.

काही दिवसांनी ते वाक्य गेलेलं होतं. खोडणारा माणूस कुठल्यातरी मोठ्या शहरातला होता. त्यानं जगभरच्या नकाशात हजारो दुरुस्त्या केल्या होत्या. आमच्या डोंगराच्या आसपास तो कधी आलाही नव्हता. त्यानं लिहिलं होतं की या नकाशाचा मूळ नियम असा, की जमिनीवर जाऊन जे पडताळता येतं तेवढंच भरावं. तोंडी समजुती भरू नयेत. बंदीची पाटी तिथं असल्यास कृपया फोटो द्यावा.

मी इंग्रजीत उत्तर लिहिलं. माझी शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. त्या चार परिच्छेदांना मला अख्खी संध्याकाळ लागली. त्यानं उत्तरात आधी माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं. मग म्हणाला, नियम सगळ्यांना सारखाच असतो. मी वाक्य परत घातलं. त्यानं परत काढलं, आणि या वेळी पायवाटेवर 'सर्वांसाठी खुली, बारा महिने' असं स्वतःच भरलं. पाटी नाही, म्हणजे बंदी नाही. त्याचा हिशेब सरळ होता.

मग ऑक्टोबर आला.

मला ते कळलं शाळेच्या फाटकात. मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला की एक दूधवाला तुम्हाला बाहेर बोलावतोय आणि तो काही आत यायला तयार नाही. बाहेर आप्पा मोटरसायकलवर बसूनच होते. रिकामे कॅन दोन्हीकडं लटकत होते. उतरायचं नाव नाही.

"बाई, तुमच्या त्या नकाशात माझं नाव हाय?"

मी म्हटलं, नाही, माणसांची नावं त्यात नसतात.

"मग माझं गवत कसं काय हाय?"

मग त्यांनी सांगितलं. शनिवारी दोन जीपा आल्या. सगळी शहरातली, चांगल्या घरची पोरं. गाड्या थेट उतरणीवर चढवल्या, कातळाखाली तंबू ठोकले, दोन दिवस राहिली. आप्पा धावत गेले आणि काठी दाखवून म्हणाले, गवत राखलंय. तर एका पोरानं हसून आपला फोन त्यांच्या तोंडापुढं धरला आणि हिंदीत सांगितलं, अंकल, इथं वाट आहे, बारा महिने खुली आहे. आप्पांनी विचारलं, कोण म्हणतंय? पोरगा म्हणाला, इथल्याच लोकांनी भरलंय.

"इथलं म्हंजी कोण, ते मला ठावं हाय," आप्पा म्हणाले. "फोन धरून कातळाबुडी कोन हुबं ऱ्हायचं, ते म्या बघितलंय." "चार वरसं तुमी नीट वागलासा. म्हनून म्या गावात सांगत फिरलो, बाई चांगली हाय. आता माझ्या म्हशी काय खातील? तुमचा नकाशा?"

माझ्यामागं फाटकात दोन सहकारी शिक्षिका उभ्या होत्या, पोरं जमत होती. मी काय सांगणार होते? की ते मी लिहिलं नाही, उलट मी लिहिलं ते कुणीतरी खोडलं? मी तेच सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि मोटरसायकल चालू केली. म्हणाले, आता गवत कापलं तरी यायचं नाही. कातळ बंद. तुम्हाला बी आणि समद्यांना बी.

माझा राग तेव्हा त्यांच्यावरही होता, हे लिहायला मला लाज वाटत नाही. ज्यांनी नुकसान केलं ते गाड्या घेऊन निघून गेले, आणि ज्यांनी चार वर्षं शब्द पाळला त्यांच्या तोंडावर दार लावलं. आमच्यातल्या दोघी मुलींना महिनाभरानं चढाईच्या स्पर्धेच्या निवड चाचणीला जायचं होतं. त्यांना सरावाला दुसरा कातळ नव्हता. शहरातल्या मुलांना चढायला छपराखाली बांधलेल्या कृत्रिम भिंती असतात. आमच्याकडं तेवढा एकच दगड होता.

त्या आठवड्यात त्या पोरांनी आपले फोटो टाकले. त्यातला एक त्यांनी नकाशालाही जोडला: कातळाकडं जाणाऱ्या वाटेचं तोंड. खाली लिहिलं होतं, सहज पोचता येतं, कुठलीही बंदीची पाटी नाही. फोटोच्या अगदी मधोमध काठी होती. पेंडी होती. आणि त्या काठीवर कुणीतरी ओले बूट वाळत घातले होते.

तो फोटो मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. मग मी काठीभोवती लाल गोल काढला आणि त्या सभ्य माणसाला पाठवला. लिहिलं, ही घ्या तुमची पाटी. जमिनीवर आहे, फोटोत आहे, या मुलखातला प्रत्येक माणूस ती वाचतो. ज्यांनी तिच्यावर बूट टांगले त्यांना ती वाचता आली नाही, हा पाटीचा दोष नाही.

त्याचं उत्तर तासाभरात आलं. स्थानिक परंपरेविषयी ही फारच रंजक माहिती दिल्याबद्दल आभार. मात्र बाहेरून येणाऱ्याला ही खूण समजेल अशी अपेक्षा करता येत नाही. सर्वमान्य स्वरूपाची लेखी पाटी लावल्यास मी स्वतः बंदीची नोंद परत घालीन. मतभेद असल्यास दिवाळीनंतरच्या रविवारी सकाळी ऑनलाइन चर्चा आहे, तीत हा विषय घेऊ. आपण जरूर या.

रंजक! गवत गेलं, कातळ गेला, आणि तो म्हणतो रंजक.

विणकर म्हणाला, एवढंच आहे ना, पाटी लावून टाकू. त्याच्या घरी मागाच्या मोडक्या पत्र्याचा तुकडा होता. तो घासूनही ठेवला त्यानं. पाटीचं आप्पांना विचारायला, आणि त्या निमित्तानं आमचं काही ऐकतात का बघायला, आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. आप्पांनी पत्र्याकडं नुसतं पाहिलं.

"कुठल्या भाषेत लिवनार?"

बेळगावात राहणाऱ्याला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. दुकानाची पाटी असो की बसची, वर कुठली अक्षरं, खाली कुठली, मोठी कुठली, यावरून इथं दगड पडलेत. विणकर म्हणाला, मराठी-कानडी दोन्ही लिहू. आप्पा म्हणाले, "वर कंची?" विणकर म्हणाला, मग नुसती इंग्रजी. तर आप्पा म्हणाले, "मग दोनी बाजूची येतील. आज पाटी लावली की उद्या काळं फासायला चौघं हजर. त्यांच्यामागनं पोलीस. त्यांच्यामागनं पेपरवालं. समदी माझ्या गवतातनंच येनार न्हवं?" म्हशीला पाणी दाखवायला उठता उठता ते पुढं म्हणाले, "माझी काठी बरी हाय. तिला भाषा न्हाय."

विणकर परत येताना सगळ्या वाटेनं हसत होता. मला हसू आलं नाही. लेखी पाटी लावा हे सांगायला त्या माणसाला दोन ओळी लागल्या. आमच्या मुलखात एक पत्रा रोवणं म्हणजे काय असतं ते कुठल्या नियमाच्या पानावर लिहिलेलं आहे?

दिवाळी झाली. आप्पांचा निरोप आला, तोही आमच्यासाठी गोड नव्हता. लोळलेल्या गवताला विळा नीट लागत नाही. मूठ धरून एकेक जुडगा उचलावा लागतो. दुप्पट वेळ जातो म्हणून कापणारे गडी यायला तयार नव्हते. आप्पांनी कळवलं, पैऱ्याला या. पैरा म्हणजे आज तुमच्या शेतात आम्ही राबायचं, उद्या आमच्या कामाला तुम्ही. आमच्या कामाला म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कापणी ठरली नेमकी त्या चर्चेच्या रविवारी.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं शिकून शेवटी गवतच कापाय निगालीस व्हय गं?" मग थोड्या वेळानं म्हणाली की हाताला फडकं गुंडाळ, कुसळं जातात.

फडक्याचा काही उपयोग झाला नाही. ज्या पट्ट्यात जीप फिरली होती तिथलं गवत जमिनीला चिकटून काळं पडलं होतं, कुजल्याचा वास येत होता. तंबूंच्या जागी चौकोन उमटले होते. एका चौकोनात मला एनर्जी बारचे कागद सापडले, नीट घडी घालून दगडाखाली ठेवलेले. म्हणजे कचरा उडू नये एवढी काळजी त्यांना होती. मला त्या घडीचासुद्धा राग आला. मुली सुरुवातीला चेष्टा करत होत्या, एकमेकींच्या भाऱ्याला नावं ठेवत होत्या. दुपारपर्यंत नुसता विळ्यांचा आवाज उरला. आप्पांच्या घरातनं भाकरी, खर्डा आणि ताक आलं. आप्पांच्या बायकोनं माझ्या तळहाताकडं बघून मान फिरवली आणि पुढच्या भाकरीवर लोण्याचा गोळा जास्त ठेवला.

भारे डोक्यावर घेऊन आम्ही खाली गंजीपाशी नेत होतो. उतरणीवर आधी वाट अशी नव्हतीच. जिकडं तिकडं कापलेले बुडखे. पहिला भारा आप्पांनी नेला, त्यांच्या पावलावर पाऊल टाकत आम्ही. पंधरा-वीस खेपांनंतर बुडखे मोडून, चुरा होऊन, खालची माती दिसायला लागली. संध्याकाळी वळून पाहिलं तर गंजीपासून कातळापर्यंत एक पायवाट पडली होती. हीच ती मी नकाशात आखलेली वाट. दर वर्षी कापणीनंतर आम्ही तिच्यावरून चालत होतो आणि मला वाटत होतं की ती तिथं असतेच.

शेवटचा भारा रचून झाल्यावर आप्पांनी काठी उपटली, पेंडी सोडून म्हशीपुढं टाकली. आम्हाला म्हणाले, "जावा की आता. कुणी धरलंय?" त्या दिवशी कुणीच चढलं नाही. बोटं मिटत नव्हती.

घरी येऊन हात मिठाच्या पाण्यात बुडवले आणि डाव्या हाताच्या एका बोटानं फोन उघडला. सकाळची चर्चा होऊन गेली होती. आम्ही गवतात वाकलेलो असताना ती झाली. पाचजण हजर होते, कुणीही या जिल्ह्यातला नव्हता. निष्कर्ष एका ओळीचा होता: स्थानिक सदस्यांकडून आक्षेप आला नाही, सबब वाट बारा महिने खुली हीच नोंद कायम.

मी पुष्कळ काही लिहिलं. हात जळजळत होते आणि जे तोंडाला येईल ते लिहिलं, मराठीतच. मग सगळं पुसलं. त्याऐवजी त्याच्याच नियमाचं पान उघडलं आणि पहिल्यांदाच ते शेवटपर्यंत वाचलं. त्यात स्पष्ट होतं, जमिनीवर जे नाही ते नकाशावर नसावं.

मी पायवाट खोडली. पूर्ण, गंजीपासून कातळापर्यंत. कातळ ठेवला, चढाईच्या वाटा ठेवल्या, हलणारे दगड ठेवले; ते कुणाचा तरी जीव वाचवतील, आणि ते लिहिण्याचं ऋण माझ्यावर आहे. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं की ही वाट दर वर्षी पावसात मोडते आणि गवत कापणाऱ्यांच्या पायांनी नव्यानं पडते. पावसापासून कापणीपर्यंत ती अस्तित्वात नसते. ज्याला शंका असेल त्यानं सप्टेंबरात प्रत्यक्ष येऊन पडताळणी करावी, गवत छातीपर्यंत असतं, आणि यायच्या आधी मालकाला विचारावं.

त्यानं आभार मानले. या वेळी मात्र काही खोडलं नाही, आणि खाली नियमांचं पानही जोडलं नाही.